घशातील बिऱ्हाडकरू : घटसर्प, त्याचे निरोगी वाहक आणि सिंगापूर

सिंगापूर बंदराच्या दक्षिणेस सेंट जॉन्स नावाचे एक लहानसे बेट आहे. आज तेथे लोक सुट्टीच्या दिवशी सहलीस जातात. १८७४ साली मात्र ह्याच बेटावर क्वारंटीनचे ठाणे उघडण्यात आले आणि पुढे अनेक दशके पूर्वेकडून व पश्चिमेकडून येणाऱ्या हजारो मजुरांस सिंगापूरचा पहिला परिचय शहरात न होता ह्या बेटावर झाला. भारतीय मजुरांची करारबद्ध भरती १९१० साली बंद झाली; परंतु डेकवरून प्रवास करणाऱ्या गरीब उतारूंची बेटावरील तपासणी त्यानंतरही चालूच राहिली. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंस बहुधा सवलत मिळे, डेकवाल्यांस नसे. डॉक्टर ओळीने उभ्या केलेल्या माणसांचे अंग पाहात, जीभ पाहात, ताप आहे की नाही हे पाहात. शोध असे तो पटकी, देवी, प्लेग ह्यांसारख्या रोगांचा. म्हणजे ज्या रोगांची खूण माणसाच्या देहावर उमटते अशा रोगांचा.

ज्याच्या अंगावर कोणतीच खूण नाही, ज्यास ताप नाही, जो दोन वेळा पोटभर जेवतो, आणि तरीही ज्याच्या घशात एखाद्या घातक रोगाचे जंतू बिऱ्हाड करून राहिले आहेत, असा मनुष्य ह्या तपासणीतून खुशाल पार होई. तसाच तो पहिल्या वर्गाच्या केबिनमधूनही उतरे. वैद्यकशास्त्राने अशा मनुष्यास ‘निरोगी वाहक’ असे नाव दिले आहे. हे वाहक कसे सापडले, आणि जंतू त्यांच्या घशाला चिकटून राहतात ते कशाच्या बळावर, ह्याचा इतिहास मनोरंजक आहे, आणि त्यात सिंगापूरचाही भाग आहे. त्यासाठी घटसर्पासारखा दुसरा रोग नाही.

घटसर्प हा शब्द मराठी माणसास दोन अर्थांनी परिचित आहे. देशावरील शेतकरी गाईम्हशींच्या एका प्राणघातक रोगास घटसर्प म्हणतो. त्याचा जंतू वेगळा, व तो रोग माणसाच्या घटसर्पाहून अगदी निराळा. माणसाचा घटसर्प म्हणजे डॉक्टर ज्यास डिप्थीरिया म्हणतात तो. सुश्रुताने कंठरोगांमध्ये ‘रोहिणी’ नावाचा विकार सांगितला आहे. त्यात घशात अंकुर वाढून श्वासमार्ग रोधला जातो. ही रोहिणी म्हणजेच घटसर्प, असे मत पुष्कळ वैद्यांनी मांडले आहे. त्याच ग्रंथात ‘तुंडिकेरी’ हा स्वतंत्र विकार येतो, आणि तिची सांगड गलग्रंथींच्या, म्हणजे टॉन्सिलच्या सुजेशी घालतात. प्राचीन नावे आणि आधुनिक रोग ह्यांची जुळणी करताना फार घाई करू नये हे खरे. तथापि नुसता घसा सुजणे आणि घसा कोंडून मृत्यू येणे ह्या दोन गोष्टी आपल्याकडे फार पूर्वीपासून वेगळ्या ओळखल्या जात होत्या एवढे त्यावरून निश्चित दिसते.

युरोपात स्पॅनिश लोक ह्या रोगास ‘गारोतिय्यो’ म्हणत. गळ्यात फास आवळून देहान्त शिक्षा देण्याचे जे यंत्र, त्यावरून हे नाव पडले. १८२६ साली पिएर ब्रेतोनो ह्या फ्रेंच वैद्याने त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ कातडे असा आहे. घटसर्प झालेल्या मुलाच्या टॉन्सिलवर राखाडी रंगाचा, चामड्यासारखा चिवट पापुद्रा धरतो. तो ओढून काढू गेल्यास खालून रक्त येते. मान बैलाच्या मानेसारखी सुजते. पापुद्रा खाली स्वरयंत्रापर्यंत पसरला तर मूल गुदमरते. आणि ते त्यातून वाचले, तरी आठ-पंधरा दिवसांनी, घरचे सर्व लोक निर्धास्त झाल्यावर, अकस्मात हृदय थांबून दगावू शकते. ह्या दुसऱ्या प्रकारच्या मृत्यूने जुन्या वैद्यांस फार बुचकळ्यात टाकले होते. रोग घशात, आणि घात हृदयाचा, हे कसे?

ह्या रोगास राजवाडा आणि झोपडी सारखीच होती. व्हिक्टोरिया राणीची कन्या ॲलिस ही जर्मनीतील डार्मश्टाट येथे राहात असे. १८७८ च्या नोव्हेंबरात तिच्या घरात घटसर्प शिरला आणि धाकटी चार वर्षांची मुलगी गेली. ही बातमी आजारी मुलापासून काही काळ लपवून ठेवण्यात आली होती. शेवटी ती सांगितल्यावर तो रडू लागला, तेव्हा आईने त्याचे चुंबन घेतले, असे सांगतात. १४ डिसेंबरास ॲलिसही वारली. तिचे वय अवघे ३५ वर्षांचे होते. मातेच्या मायेला आजाराचे निमित्त करणारी ही कथा त्या काळी सर्वतोमुखी झाली. परंतु त्या घरात रोग प्रथम आणला कोणी, ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास लागणारे शास्त्र तेव्हा जन्मालाच आले नव्हते.

ते पाचसहा वर्षांतच जन्मले. १८८३ साली एडविन क्लेब्स ह्यांना घटसर्पाच्या पापुद्र्यात काठीच्या आकाराचे जंतू दिसले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट कॉख ह्यांचे सहकारी फ्रीड्रिख लोफ्लर ह्यांनी ते जंतू वेगळे काढून वाढविले. लोफ्लर हा विलक्षण सावध संशोधक. त्याच्यापुढे तीन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली : काही रोग्यांच्या घशात ह्या काठ्या सापडल्या नाहीत, तर साखळीसारखे मांडलेले गोल जंतू सापडले. दुसरी : गिनीपिगला जंतू टोचले तर तो मरे, परंतु त्याच्या हृदयात वा यकृतात जंतू मिळत नसत, टोचल्या जागीच ते पडून असत. तिसरी, आणि सर्वांत अडचणीची : एका अगदी धडधाकट मुलाच्या तोंडात त्याला तेच जंतू आढळले. दुसरा एखादा संशोधक असता, तर ह्या तिसऱ्या गोष्टीचा उच्चारही न करता त्याने शोध जाहीर केला असता. लोफ्लरने ती नमूद केली, आणि हा जंतूच रोगाचे कारण आहे असे आपणास ठामपणे म्हणता येत नाही, असे प्रामाणिकपणे सांगून टाकले. निरोगी वाहकाची शास्त्राला झालेली ही पहिली ओळख म्हणावयास हरकत नाही. ते मूल कोण, पुढे त्याचे काय झाले, हे इतिहासाने राखून ठेवलेले नाही.

दुसऱ्या अडचणीचा उलगडा १८८८ साली पॅरिस येथे झाला. एमिल रू आणि आलेक्सांद्र येर्सिन ह्यांनी जंतूंचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. गाळलेल्या रसात एकही जंतू नव्हता, तरी त्याने जनावरे मेली. अर्थात जंतू घशातच बसून राहतो आणि त्याने सोडलेले विष रक्तातून हृदयाकडे व मज्जातंतूंकडे जाते. (हाच येर्सिन पुढे १८९४ साली हाँगकाँगला जाऊन प्लेगचा जंतू शोधून काढणारा.) १८९० साली बेहरिंग आणि किटासाटो ह्यांनी दाखविले की, हळूहळू विष देऊन सरावलेल्या जनावराच्या रक्तद्रवात त्या विषावर उतारा तयार होतो. त्यानंतर घोड्यांपासून प्रतिविष काढू लागले, आणि जी मुले पूर्वी निम्म्याने दगावत, त्यांपैकी पुष्कळ वाचू लागली.

वाहकांच्या शोधाचे काम मात्र प्रयोगशाळेपेक्षा शहराच्या नगरपालिकेकडे आले. न्यूयॉर्क शहराने १८९३ साली विल्यम पार्क ह्यांच्या हाताखाली घटसर्पासाठी जंतुपरीक्षेची सोय केली. कापसाचा बोळा घशात फिरवून नळीत घालावयाचा, दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, अशी ही पद्धत. तिने दोन गोष्टी उघड केल्या. रोगातून उठलेल्या मुलाच्या घशात जंतू काही आठवडे टिकतात. आणि रोग मुळीच न झालेल्या माणसांतही, विशेषतः रोग्याच्या घरच्या माणसांत, ते मिळतात. थोड्याच वर्षांनी त्याच शहरात मेरी मॅलन ह्या स्वयंपाकिणीच्या पोटात विषमज्वराचे जंतू सापडले आणि तिला आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे एका बेटावर एकांतवासात काढावी लागली. ती परदेशातून आलेली, गरीब, आणि एकटी स्त्री होती. वाहक तिच्याखेरीजही शहरात पुष्कळ होते; इतक्या दीर्घ काळाची बंदी मात्र तिच्याच वाट्यास आली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जंतू घशात टिकतो तरी कसा? घसा ही काही सुखाने राहण्याची जागा नव्हे. दिवसाला सुमारे एक लिटर लाळ तेथून खाली वाहते. अन्नाचे घास घासून जातात. खोकला व शिंक ह्यांचे झोत बसतात. आणि ज्या पेशींवर पाय रोवावा त्या पेशीच काही दिवसांत झडून पडतात. पुराच्या वेळी गोदावरीच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्या माणसासारखी जंतूची स्थिती असते. काही धरावयास मिळाले तर तो राहील, नाही तर पोटात वाहून जाऊन आम्लाने मरेल. गलग्रंथींत मात्र आडोसा आहे. प्रत्येक गलग्रंथीच्या पृष्ठभागावर दहा ते तीस खोल, फाटे फुटलेल्या विवरांची तोंडे असतात. बाहेरून येणाऱ्या जंतूंचे नमुने शरीराच्या रक्षक पेशींपुढे यावेत म्हणून निसर्गाने ही योजना केली; पण पहाऱ्यासाठी बांधलेल्या चौकीतच चोराने मुक्काम करावा, तसा प्रकार पुष्कळदा तेथे घडतो.

लोफ्लरला दिसलेले साखळीचे जंतू, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस, हे नेहमीच्या घसादुखीचे एक मोठे कारण. १९७० च्या दशकात अमेरिकेतील मेंफिस येथे एडविन बीची आणि इत्झाक ओफेक ह्यांनी ते घशाच्या पेशीस कसे चिकटतात ह्याचा पाठपुरावा केला. ह्या जंतूच्या अंगावर बारीक लव असते. त्या लवेतील स्निग्ध टोक असलेले एक आम्ल घशाच्या पेशीवरील फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनास जाऊन लागते. ही पहिली पकड सैल असते. तिच्या आधाराने जंतू पेशीच्या जवळ येतो आणि मग त्याच्या अंगावरील निरनिराळी प्रथिने घट्ट गाठ मारतात. नाव काठाला लावताना प्रथम दोर टाकतात आणि नंतर ती खुंटाला बांधतात, तसा हा क्रम आहे. पुढे असेही आढळले की काही जंतू थेट गलग्रंथींच्या पेशींच्या आत शिरून राहतात, आणि तेथे पेनिसिलिन नीट पोचत नाही. शाळेत जाणाऱ्या निरोगी मुलांपैकी शेकडा सुमारे बारांच्या घशात हे जंतू असतात, असे अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेले अनुमान आहे. ह्या मुलांस ताप नसतो, त्यांच्या रक्तात जंतूविरुद्ध नवी प्रतिद्रव्ये वाढत नसतात, आणि इतरांस ती फारशी लागणही देत नाहीत. खऱ्या सुजेत मात्र पेनिसिलिनचा दहा दिवसांचा क्रम पुरा करावा लागतो. तो अर्धवट सोडल्यास मागाहून सांधे धरणारा व हृदयाच्या झडपा बिघडविणारा संधिज्वर येण्याचे भय असते. तेव्हा घशात जंतू सापडला ह्याचा अर्थ घसा त्यानेच दुखतो आहे असा नेहमीच होत नाही, ही गोष्ट आईबापांनी व शिक्षकांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

घटसर्पाच्या जंतूची पकड ह्याहून उशिरा उमगली. २००३ साली हंग टोन-दॅट आणि ओलाफ श्नीविंड ह्यांनी दाखविले की, ह्या जंतूच्या भिंतीवर लांब, बारीक तंतू असतात आणि त्यांचे मणी एकमेकांस रासायनिक बंधाने पक्के जोडलेले असतात. त्यांतील एका जातीच्या तंतूचा दांडा एका प्रथिनाचा, टोक दुसऱ्याचे, आणि दांड्यावर मधूनमधून तिसरे प्रथिन बसविलेले, अशी रचना आहे. घशाच्या पेशीस धरणारे कोण, हे पाहण्यासाठी २००७ च्या एका प्रयोगात सूक्ष्म मण्यांवर ही प्रथिने एकेक करून चढविण्यात आली. दांड्याचे प्रथिन लावलेले मणी पेशीस चिकटले नाहीत. टोकाचे आणि मधले प्रथिन लावलेले मणी चिकटले. म्हणजे दांडा केवळ हात लांब करण्यापुरता. बोटे ती दुसरीच दोन प्रथिने. ह्या जातीचे तंतू घशाच्या पेशींस विशेष धरतात, स्वरयंत्राच्या वा फुप्फुसाच्या पेशींस तितकेसे नाही. घटसर्प प्रथम टॉन्सिलवरच का बसतो, ह्या ब्रेतोनोच्या काळापासूनच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर येथे मिळाले.

परंतु ह्या सर्वांत मोठी गोष्ट १९५१ सालीच सापडली होती. सिॲटल येथील व्हिक्टर फ्रीमन ह्यांनी विष न करणाऱ्या निरुपद्रवी घटसर्प-जंतूंस जंतुभक्षी विषाणूची लागण केली, तेव्हा त्यांतून विष करणारे जंतू निपजले. पुढे निश्चित झाले की, विषाची कृती ह्या जंतूची स्वतःची नव्हेच. ती त्याच्या आत घुसलेल्या विषाणूबरोबर येते. चिकटण्याची विद्या जंतूची, आणि मारण्याची विद्या पाहुण्याची! लोह कमी पडले म्हणजे तो विष करू लागतो, आणि माणसाच्या घशात मोकळे लोह नेहमीच कमी असते. ते विष पेशीत शिरून तिचे प्रथिने घडविण्याचे कामच बंद पाडते. मेलेल्या पेशी, रक्तातील तंतू आणि जंतू ह्यांचा मिळून तो कातड्यासारखा पापुद्रा बनतो.

चिकटणे आणि विष करणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कळताच लोफ्लरच्या त्या धडधाकट मुलाचे कोडे सुटते. त्याच्या घशातील जंतू विषहीन जातीचा असेल. अथवा जंतू विषारी असून मुलाच्या रक्तात विषावरचा उतारा आधीच तयार झालेला असेल. दुसऱ्या स्थितीत विष जागच्या जागी निकामी होते, पण जंतूचे बिऱ्हाड हलत नाही. लसीचेही तसेच आहे. १९२३ साली गास्तों रामों ह्यांनी फॉर्मालिन व ऊब ह्यांच्या साहाय्याने विषाचा विखार काढून टाकला आणि त्यापासून लस केली. ही लस विषाविरुद्ध आहे, जंतूच्या तंतूंविरुद्ध नाही. त्यामुळे लस टोचलेला मनुष्य स्वतः सुरक्षित असूनही काही काळ वाहक असू शकतो. तथापि ज्या देशांत लस सर्वत्र दिली गेली तेथे विषारी जातीचे जंतू हळूहळू विरळ होत गेले. कारण उघड आहे. पापुद्रा नाही, खोकला नाही, तर जंतूस दुसऱ्याच्या घशाकडे नेणारे वाहन नाही. आणि मग विष करण्याचा त्याला लाभही उरत नाही.

सिंगापूरसारख्या उष्ण देशात घटसर्पाची आणखी एक तऱ्हा होती. येथे तो घशाऐवजी कातडीवर, पायावरच्या साध्या खरचटलेल्या जखमेत बसे. जखम बरी होण्यास महिने लागत, पण विष फारसे अंगात भिनत नसे. आणि उघड्या पायांनी वाढणाऱ्या मुलांस अशा रीतीने नकळतच प्रतिकारशक्ती मिळून जाई. त्याच जखमा अर्थातच जंतूंचे कोठारही होत. थंड देशातून आलेल्या माणसास हे संरक्षण नसे. ह्याचे अत्यंत क्लेशकारक प्रत्यंतर १९४२ साली चांगी येथे आले. सिंगापूर पडल्यावर हजारो ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन सैनिक तेथे कैदेत होते. अन्न अपुरे, औषधे तुटपुंजी, आणि माणसे खेटून झोपलेली. आमांशाबरोबर त्यांच्यात घटसर्पही फैलावला. ऑगस्टच्या अखेरीस जपानी अधिकाऱ्यांनी, आम्ही पळून जाणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर सह्या मागितल्या. कैद्यांनी नकार दिला. तेव्हा २ सप्टेंबरला पंधरा हजारांहून अधिक माणसे सेलरंग बराकीच्या सात इमारतींत व मधल्या मैदानात कोंडण्यात आली. त्याच दिवशी पलायनाचा प्रयत्न केलेल्या चौघांस समुद्रकाठी गोळ्या घातल्या. कैदी तरीही नमले नाहीत. पण मैदानात शौचकूप खणावे लागले, पाणी जेमतेम, रोगी वाढू लागले, आणि इस्पितळातील आजाऱ्यांसही तेथेच आणण्याची धमकी देण्यात आली. तीन दिवसांनी, ५ सप्टेंबरला, सह्या करण्याचा हुकूम सेनाधिकाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर दिला. रायफली ज्यांना झुकवू शकल्या नाहीत त्यांना साथीच्या भयाने झुकविले.

शहरातील मुलांसाठी घटसर्पाची लस ह्यापूर्वीच, १९३८ साली, आली होती. परंतु पहिली कित्येक वर्षे ती घेणारे थोडे. रोगी मुलांची रवानगी मूलमीन रस्त्यावरील सांसर्गिक रोगांच्या इस्पितळात होई. १९१३ साली उघडलेल्या ह्या इस्पितळास पुढे नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. मिडलटन ह्यांचे नाव देण्यात आले. एकमेकांपासून दूर दूर बांधलेल्या, चारी बाजूंनी वारा खेळणाऱ्या त्याच्या बैठ्या खोल्या जुन्या पिढीतील अनेकांच्या स्मरणात असतील. तसेच मुलाला गाडीत घालून नेल्यावर कुंपणापाशी ताटकळणारे आईबापही. युद्धानंतर माता-बाल दवाखान्यांचे जाळे वाढले. १९५८ साली पोलिओची साथ आली, तेव्हा सेबिन ह्यांच्या तोंडाने घेण्याच्या लसीचा प्रयोग सिंगापुरात सुमारे दोन लाख मुलांवर झाला, आणि सरकारी लस ही भिण्याची वस्तू नव्हे असे पुष्कळ घरांत पटले. १९६२ साली घटसर्पाची लस कायद्याने सक्तीची झाली. स्वयंशासन मिळून तेव्हा तीन वर्षेच झाली होती, आणि घरे, नोकऱ्या, शाळा ह्यांचे प्रश्न दारात उभे होते. अशा वेळी हा कायदा करणाऱ्यांची दूरदृष्टी वाखाणण्यासारखी आहे. पुढे पहिल्या इयत्तेत नाव घालताना लसीचा दाखला दाखविण्याची पद्धत रूढ झाली. ज्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे असे दाखले तपासले, त्यांना आपण कोणत्या शत्रूला फाटकाबाहेर ठेवीत आहोत ह्याची कल्पना क्वचितच असेल, कारण त्यांनी स्वतः घटसर्पाचा रोगी कधी पाहिलाच नव्हता.

ह्या लसीच्या कथेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईत परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली, आणि १९२५ पासून ती हाफकिन ह्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. भारतातील लसनिर्मितीची ती एक मोठी गंगोत्री. १९६६ साली पुण्यात सायरस पूनावाला ह्यांनी सीरम इन्स्टिट्यूट स्थापन केली, तिचा आरंभ तर त्यांच्या घराण्याच्या अश्वपैदाशीच्या कुरणांतून झाला. शर्यतीच्या कामातून निवृत्त झालेले घोडे प्रतिविषासाठी दिले जातात, तर तेच काम आपण का करू नये, हा त्यामागचा विचार. प्रथम धनुर्वाताचे प्रतिविष, मग घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात ह्यांची तिहेरी लस, असे करीत ह्या संस्थेची औषधे जगभर गेली. बेहरिंगच्या तबेल्याचा वारसा हडपसरच्या माळावर असा नांदला.

वाहकांचा प्रश्न सिंगापूरच्या डॉक्टरांपुढे २००१ साली निराळ्या रूपाने आला. आदल्या वर्षी हज यात्रेत मेंदूच्या आवरणाचा दाह करणाऱ्या मेनिंगोकॉकस जंतूची साथ उद्भवली होती. हा जंतूही तंतूंच्या साहाय्याने घशालाच चिकटतो, आणि बहुसंख्य लोकांत मुकाट्याने राहतो. टॅन टॉक सेंग इस्पितळातील संशोधकांनी यात्रेस निघालेल्या सिंगापूरकरांचे घसे जाण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासले. जाताना जवळजवळ कोणाच्याच घशात जंतू नव्हता. परतलेल्या १७१ यात्रेकरूंपैकी शेकडा सुमारे पंधरांच्या घशात त्या साथीच्या जातीचे जंतू होते. ह्या सर्वांनी लस घेतलेली होती आणि सर्व निरोगी होते. त्यांच्या घरच्या माणसांपैकीही काहींस तो जंतू येऊन चिकटला. लस अंगाचे रक्षण करते, पण घशाचे दार पूर्ण लावीत नाही, हे येथे पुन्हा दिसले. पंढरीच्या वारीपासून कुंभमेळ्यापर्यंत, जेथे लाखो माणसे एकाच हवेत श्वास घेतात तेथे हेच घडावयाचे. त्यात कोणत्याही एका धर्माचा वा देशाचा दोष काढणे अज्ञानाचे होय.

घटसर्पाचा स्थानिक रोगी सिंगापुरात १९९२ नंतर आढळला नव्हता. १९९६ साली बाहेरून आलेले रोगी सापडले, आणि मग वीस वर्षे शांतता. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर तिकडे लसीकरण ढासळून १९९० च्या दशकात दीड लाखाहून अधिक लोकांस घटसर्प झाला आणि सुमारे पाच हजार दगावले, त्यांत प्रौढांचा भरणा मोठा होता. बालपणी टोचलेल्या लसीचा प्रभाव काळानुसार ओसरतो, हे त्यावरून जगाला कळले. परंतु सिंगापूरला तो धडा दूरचा वाटला असल्यास नवल नाही.

२०१७ च्या ऑगस्टच्या आरंभी येथे एका तरुणाचा घटसर्पाने मृत्यू झाला. तो बांगलादेशातून कामासाठी आलेला होता. वय २१ वर्षे. राहणे इतर मजुरांबरोबर वसतिगृहात. वृत्तपत्रांत बातमी येताच काही लोक लगेच म्हणाले की, हा रोग बाहेरून आला. आरोग्य मंत्रालयाने दिलेली माहिती मात्र वेगळे दाखवीत होती : मृत तरुण त्या सुमारास देशाबाहेर गेलेलाच नव्हता, आणि लागण बहुधा सिंगापुरातच झाली होती. म्हणजे ह्याच शहरात, कोणाच्या तरी घशात, तो जंतू धड तापही न आणता वास करून होता. तो घसा मजुराचा असेल, दुकानदाराचा असेल, किंवा लस घेऊन बालपणापासून येथेच वाढलेल्या कोणाचाही असेल. तंतूच्या टोकावरचे प्रथिन पासपोर्ट पाहून चिकटत नाही. मजुरांच्या वाट्यास जे विशेष येते ते एवढेच की, त्यांच्या गावी बालपणी लस मिळाली असेलच असे नाही, आणि येथे ते एका खोलीत अनेक जण निजतात. दाटीने राहणाऱ्यांच्या घशातून घशात जाण्यास जंतूला फार प्रवास करावा लागत नाही. तीन वर्षांनी, २०२० साली, करोनाच्या वेळी ह्याच वसतिगृहांत त्याचा पुनः अनुभव आला, आणि तेव्हाही लागण झालेल्यांपैकी पुष्कळांस आपण आजारी आहोत हे ठाऊकच नव्हते.

सेंट जॉन्स बेटावर माणसांस ओळीत उभे करून अंग तपासले जाई. २०१७ साली मृताच्या निकट संपर्कातील माणसांस बोलावून त्यांचे घसे तपासण्यात आले, त्यांस जंतुनाशक औषध देण्यात आले, आणि मग त्यांना परत आपापल्या कामावर जाऊ दिले.